कुंडीतली गर्दी

"बिया वाळवायच्या नाहीत. गर धुवायचा, लगेच लावायच्या, आणि उगवेपर्यंत माती उकरून बघायची नाही. पहिलं रोप माझ्या गॅलरीत. कळलं?"

थोरल्या जाऊबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या जुन्या घराला कुलूप लावत होत्या. मुलाकडे, चौथ्या मजल्यावर राहायला निघाल्या होत्या. अंगणातला पॅशनफ्रूटचा वेल भावोजींच्या हातचा. भावोजी गेले, मागोमाग घर विकलं, आणि नव्या मालकाला तिथे मोटार उभी करायची होती. म्हणजे वेलाचेही दिवस भरलेच होते. शेवटचं सुरकुतलेलं फळ त्यांनी धाकटीच्या हातावर ठेवलं. वर म्हणाल्या, "नाही उगवलं तरी चालेल गं. आता मला तरी कशाची वाट बघायचीय?"

ते वाक्य धाकटीला लागलं.

"उगवणार, ताई. मी शब्द दिला की बी काय, खडासुद्धा उगवेल."

फुशारकी तिच्या स्वभावात नव्हती. म्हणूनच पहिल्याच खेपेला नडली. फळ फोडलं तर धड बिया निघाल्या पाच. बाकी सगळा पोचट संसार. त्या तिने कुंडीत लावल्या आणि मनाशी नेम धरला. रोप ताईंच्या हाती पडेपर्यंत रोज सकाळी कुंडीला पाणी घातल्याशिवाय तोंडातून शब्द काढायचा नाही. घरात कुणाला बोलली नाही. सांगून केलेला नेम म्हणजे दुकानाची पाटी, असं तिचं मत.

नवरा शिंपी. गप्प बसलेली बायको आणि गप्प बसलेलं मशीन, दोन्हींत काहीतरी तुटलंय एवढंच त्याला समजे. सकाळी त्याने विचारलं, "काय झालं गं?" धाकटीने कुंडीकडे बोट केलं. तिला म्हणायचं होतं, पाणी घालते मग बोलते. त्याला वाटलं, उगवत नाही म्हणून हिची वाचा बसली. त्याने ते आईच्या कानावर घातलं, आईने नातीच्या.

पॅशनफ्रूटचं बी मुळात आळशी, महिना महिना कूस बदलत नाही. हे धाकटीला ठाऊक होतं. बाकीच्यांना नव्हतं.

नवऱ्याने एका दुपारी बाजारातून फळ आणलं आणि बिया सुईने मातीत सारख्या अंतरावर टोचल्या, काजं करावीत तशा. सासूबाईंनी शेजारणीकडून दोन फळं मागून आणली. थोरल्या लेकाचा वेल आपल्या डोळ्यांदेखत बुडावा, हे त्या माउलीला सोसेना. जपाला बसल्यासारखं गॅलरीत बसून त्यांनी पदराआडून बिया सोडल्या. मुलगी औषधांच्या दुकानात कामाला. तिने बिया कोमट पाण्यात भिजवल्या, चिमट्याने लावल्या, वर चिमटा स्पिरिटने पुसून ठेवला. तिघांनीही एकमेकांना पत्ता लागू दिला नाही. चांगलं काम चोरून करायची या घराला खोडच होती, आणि ती धाकटीनेच लावलेली.

मग एका सकाळी उगवलं. शाळा सुटल्यासारखं. मातीला श्वास घ्यायला जागा उरली नाही. धाकटीने पाणी घातलं आणि पहिला शब्द काढला तो फोनवर.

"ताई, पाचाची पन्नास झाली. देवालाच काळजी हो."

पलीकडे जाऊबाईंना हुंदका आवरेना. घटकाभरात शेजारीण आपला वाळका गुलाब घेऊन हजर. "जरा शेजारी ठेवते. वाण नाही, पण गुण तरी लागेल."

जेवताना नवरा खाली बघत म्हणाला, "चमत्कार वगैरे चारचौघांत म्हणू नकोस. थोडा हात माझाही आहे."

"तुझा कसला?" सासूबाई म्हणाल्या. "माझा आहे."

मुलीने पेला खाली ठेवला. "आजी, तूपण?"

सगळं उलगडलं. "मग तू रोज सकाळी मुकी का व्हायचीस?" नवऱ्याने विचारलं.

"नेम होता माझा."

तिघांनी तीन दिशांना पाहिलं.

धाकटी मात्र कुंडीपाशी जाऊन बसली. पानं सगळी एकाच साच्याची. "यातली भावोजींची कुठली?"

"रांगेत असतील ती माझी," नवरा म्हणाला. पण रांगा त्याच्या आईने केव्हाच मोडल्या होत्या.

धाकटीने पुन्हा फोन लावला. "ताई, सकाळी मी देवाचं नाव घेतलं, ते जरा घाईचं झालं." आणि सगळं सांगून टाकलं.

जाऊबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अगं, हे होते तेव्हा तरी ह्यांचं कुठलं ते कुठे कळायचं? बाहेरून आले की पायांत दुसऱ्याच्याच चपला. सगळीच्या सगळी आण. फळाच्या चवीवरून ओळखू. ह्यांच्या वेलाइतकं आंबट दुसरं नसेल. तुझ्या नवऱ्याला विचार, वाकडं झालेलं तोंड अजून सरळ झालं नसेल त्याचं."

"पण फळं यायला वर्ष-दोन वर्षं, ताई."

"मग वाट बघावी लागेल," जाऊबाई म्हणाल्या. पलीकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "दोरी कुठल्या बाजूला बांधू गं? डावीकडे ऊन असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीने कुंडी पदराने पुसली आणि कडेवर घेतली.

"एकेक उपटून पिशवीत घाल की," नवरा म्हणाला. तिने मान हलवली. कोवळी मुळं दुखावतात.

"बरं, पाणी तरी घाल." तिने पुन्हा मान हलवली. भिजलेली कुंडी एकटीला उचलवत नाही. पाणी आता ताईंच्या गॅलरीतच, आणि शब्दही त्यानंतरच.

"आणि उतरायचं कुठे, ते कंडक्टरला कोण सांगणार?"

धाकटीने कुंडीकडे बोट केलं. या वेळी त्याला बरोबर कळलं. त्याने दुकानाची किल्ली खिशात टाकली, चपला घातल्या, त्या आपल्याच आहेत ना ते एकदा वाकून पाहिलं, आणि तिच्यामागून जिना उतरू लागला.