सहाव्या चौकटीतलं पान

"बाबा, हलू नका! जेवण आवडल्याचा चेहरा करा."

अड्यारच्या फ्लॅटमध्ये पुरुषोत्तम वीस मिनिटं फरशीवर मांडी घालून, केळीच्या पानासमोर तोच चेहरा करून बसला होता. पानावर बायकोनं, कल्पनानं केलेला रस्सम-भात होता. तो काही फारसा जमला नव्हता, त्यामुळे चेहऱ्याला जरा जास्तच मेहनत पडत होती.

हा सगळा सावनीचा इंग्रजीचा गृहपाठ. धड्यात एक भुकेला वाटसरू चुकून लग्नघरात शिरतो आणि यजमान त्याला हाकलण्याऐवजी पंगतीला बसवतो. विजयलक्ष्मी मिसनी या प्रसंगाचं सहा चौकटींचं कार्टून जोडीनं काढायला सांगितलं होतं. पाच चौकटी तिची जोडीदार संयुक्तानं काढल्या. सहावी, वाटसरू तृप्त होऊन पान मिटतो ती, सावनीकडे आली. तिच्यात एक अक्षरही लिहायचं नाही, सगळं चित्रानंच सांगायचं, ही मिसची अट.

नाशिकहून जूनमध्ये इकडे दक्षिणेत आल्यापासून वर्गात सावनीशी बोलणारी एकटी संयुक्ताच, आणि तीही शेजारची जागा रिकामी होती म्हणून. चौकट बिघडली तर पुन्हा एकटीनं डबा खायचा, हे सावनीला पक्कं ठाऊक होतं.

"आता पान मिटा."

पुरुषोत्तम गाड्यांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी. सुरी चालवायची अंगापासून लांब, झाकण उघडायचं अंगापासून लांब, हे तो झोपेतही बडबडायचा. त्यानं पानाची जवळची कड उचलून पलीकडे दुमडली.

"हे बघ, उरलेला रस्सम समोर गेला. पँट सुरक्षित!"

"अहो, इथले लोक कसं मिटतात ते कुणाला तरी विचारा," कल्पना म्हणाली.

"यात विचारायचं काय? विज्ञान सगळीकडे सारखंच."

सावनीनं ते पान काळ्या शाईनं हुबेहूब काढलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग पाच चौकटींवर हसला आणि सहावीपाशी अडखळला. मग मागून कोणीतरी "अय्यो!" म्हणालं आणि हशा पिकला.

संयुक्तानं कपाळावर हात मारला. तंजावरी घरातली ती. मराठी बोलायची, पण घरच्या वळणाची.

"काय केलीस गे! लग्नात पान आपल्या अंगाकडे मिटतात. पलीकडे मिटलं म्हणजे घरात कोण मेलंय, दिवसाचं जेवण आहे!"

सावनीचे डोळे भरून आले. लग्नघराचं तिनं एका घडीत सुतकघर केलं होतं.

"मी... मी पुसते."

"शाई कशी पुसशील?" संयुक्ता म्हणाली. तिनं पुन्हा चित्राकडे पाहिलं. सुतकाचं पान मिटून वाटसरू गालातल्या गालात हसत होता. तिलाही हसू आवरेना. तिनं पेन घेतलं आणि सातवी चौकट जोडली: पान पाहून यजमान आडवा, आणि नवरदेव घाबरून स्वतःचीच नाडी बघतोय.

विजयलक्ष्मी मिस हसून हसून चष्मा पुसायला लागल्या. सातही चौकटी फळ्याशेजारी लागल्या. मधल्या सुट्टीत संयुक्तानं आपला डबा सावनीच्या डब्याला टेकवला.

"रविवारी आमच्या घरी जेवायला या. असकी जणं, आई-बाबा पण!"

संध्याकाळी हे सारं ऐकून पुरुषोत्तमचा चेहरा पडला.

"म्हणजे जुलैत आमच्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात..."

"तिथंही असंच मिटलंत?" कल्पना ओरडली.

"आग्रह झाला म्हणून दोनदा बसलो होतो. दोन्ही वेळा." त्यानं डोकं खाजवलं. "तरीच दुसऱ्या दिवशी साहेब विचारत होते, घरी सगळे बरे आहेत ना?"

रविवारी संयुक्ताच्या घरी पंगत बसली. सांबार, रस्सम, शेवटी पायसम, म्हणजे पातळ खीर. जेवणं आटोपली. सातव्या चौकटीची कथा घरभर झाली होती. सगळे पुरुषोत्तमच्या हाताकडे बघत होते. त्याच्या पानात पायसमचं चांगलं तळं साचलं होतं. 

पुरुषोत्तमनं एकदा आपल्या नव्या पांढऱ्या पँटकडे पाहिलं, मग लेकीकडे. सोळा वर्षांची नोकरी बाजूला ठेवून त्यानं पानाची पलीकडची कड धरली आणि स्वतःकडे ओढली.

पायसम सरळ मांडीवर आलं.

"पोट भरलं ना?" संयुक्ताच्या आजोबांनी, अप्पाजींनी, प्रेमानं विचारलं.

"काठोकाठ, अप्पाजी," पुरुषोत्तम न हलता म्हणाला. या वेळी जेवण आवडल्याचा चेहरा त्याला करावा लागला नाही.

संयुक्तानं सावनीला कोपरानं ढोसलं.

"आठवी चौकट तू काढ."