मेणबत्तीचा मंत्र

खोटं बोलत असेन तर माझे उरलेले दात आत्ता पडोत. यातला शब्द न् शब्द खरा आहे.

थोरली सून शिवणकाम करणारी. सुईत दोरा ओवताना हात हलायचा नाही, पण त्या दुपारी जेवणाच्या टेबलाशी घामाघूम होऊन बसली होती. खेळ कागदावरचा, फाशांचा; ज्यानं त्यानं गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. पण जीव टांगणीला लागला होता सासऱ्यांचा. बस चालवायचं काम सुटल्यापासून हा माणूस नुसता भिंतीकडे बघत बसायचा. या खेळात त्यांना एक योद्धा मिळाला आणि ते पुन्हा माणसांशी बोलायला लागले. तो योद्धा आता दरीच्या कडेला एका बोटावर लोंबकळत होता. तो मेला की सासरे खेळातून बाद, आणि परत भिंतीसमोर.

सून खेळातली मांत्रिकीण. दोनच मंत्र उरलेले: एक माणसाला वर उचलणारा, दुसरा नुसती मेणबत्ती पेटवणारा. एका डावात दोन्ही म्हणता यायचे. पण दुष्ट जादूगार होता तिचा नवरा, आणि जादूगाराला डावात एकदा समोरचीचा मंत्र मध्येच तोडता येतो. मंत्र कोणता, ते मात्र आधी विचारायचं नाही.

नवरा वकील. दुसऱ्याचं बोलणं तोडण्यावरच त्याचं पोट. शेजारी कुणी घोरलं तरी झोपेत हरकत घ्यायचा.

"सूनबाई, बोट सुटतंय," सासरे पुटपुटले.

"बाबा, जरा धीर धरा."

"धरतो. पण बोट माझं आहे."

तिनं डोळे मिटले, हात थरथरवले आणि आवाज असा खोल काढला की शेजारच्यांचं घड्याळ बंद पडलं.

"मी मंत्र सुरू करते..."

"तोडला," नवरा म्हणाला.

"अहो, निदान ऐकून तरी..."

"तोडला म्हणजे तोडला. गेला तो मंत्र."

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"गेली बिचारी मेणबत्ती," सून म्हणाली. "आता बाबांना उचलायचा मंत्र म्हणते. हा तोडून दाखवा."

वकिलाचं तोंड उघडलं ते उघडंच राहिलं; चिमणीनं आत घरटं बांधलं तरी त्याला कळलं नाही. तोडायची पाळी त्यानं मेणबत्तीवर घालवली होती.

योद्धा अलगद वर आला. सासऱ्यांनी डोळे पुसले, सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तू होतीस म्हणून वाचलो."

बरं, हे डोक्यावर हात ठेवणं तेवढं मी पदरचं घातलं. खरं तर सासरे म्हणाले, "अरेच्चा, तलवार खालीच राहिली की," आणि त्यांनी योद्ध्याला पुन्हा दरीत उडी मारायला लावली.