एकच अहो

पुरुमास्तरांना हाक मारायची तर घशाची तयारी करून जावं लागतं. पहिल्या हाकेला ते ओ देत नाहीत. दुसरीलाही नाही. समोर ओटीवर खुर्ची टाकून बसलेले असतात, आपण त्यांना दिसत असतो, त्यांची भुवई हललेली आपल्यालाही दिसते. पण तिसऱ्यांदा ‘मास्तर!’ म्हटल्याशिवाय तोंडातून शब्द निघेल तर शपथ. तिसरी हाक पडली की मात्र चेहरा एकदम उघडतो. “अरे विनू! ये, ये. केव्हा आलास?” जसं काही आपण आत्ताच जमिनीतून उगवलो.

मी त्यांचा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे आणि दोन्ही घरांसमोर, उतारावरच्या आंब्यांच्या पलीकडे, समुद्र. रत्नागिरीत नवीन आलेले गॅसवाले, कुरिअरवाले मास्तरांच्या फाटकाशी दोन हाका मारून निघून जातात. जुना गॅसवाला हुशार. तो रस्त्यावरूनच सुरू करतो, “मास्तरांनू! ओ मास्तरांनू!” आणि फाटकाशी पोचेपर्यंत तिसरी टाकतो.

हे वेड त्यांच्या आईने दिलेलं. ती पूर्णगडची. तिच्या धाकट्या भावाला एकदा तिन्हीसांजेला खाडीच्या बाजूने हाक आली, त्याने जेवता जेवता “ओ” दिली, हातही न धुता उठून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. “माणूस असेल तर तीनदा हाकारतो,” ती सांगायची. “दुसऱ्या कुणाला तिसरी हाक मारता येत नाही. तेवढा धीर धरायचा.” मास्तरांनी तो धीर जन्मभर धरला. गणित शिकवणारा माणूस, भुताखेतांवर विश्वास नाही असं वर्गात ठासून सांगायचे. पण हजेरी घेताना प्रत्येक मुलाचं नाव तीनदा घ्यायचे. “तुझी खात्री नको का पटायला, की मीच बोलावतोय?” पहिला तास हजेरीतच जायचा. त्यांच्या हाताखालची मुलं गणितात कच्ची राहिली, पण धीट निघाली असं म्हणतात. मी त्यातलाच एक. धीटपणाचं अजून नक्की सांगता येत नाही.

अशा माणसाशी संसार करायचा म्हणजे बाईच्या तोंडाला फेस यायचा. पण वत्सलाकाकूंनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच तोडगा काढला. त्या तिन्ही हाका एका दमात मारायच्या. “अहोअहोअहो!” मध्ये श्वास नाही, काही नाही. चहा झाला, अहोअहोअहो. पाण्याचा पंप बंद करा, अहोअहोअहो. आमच्या घरात मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, कितीदा वाटायचं की शेजारी कोंबडी खुडूक झालीय. मास्तरांना मात्र त्या हाकेचा अभिमान. “माझी बायको काटकसरी हो. वेळसुद्धा वाया घालवीत नाही.”

या दोघांना त्यांच्या लेकीने, पुण्याच्या सुनंदाने, गेल्या दिवाळीनंतर क्रूझची तिकिटं काढून दिली. मुंबईहून निघायचं, गोवा, कोची, आणि परत. दोघं जन्मात कधी बोटीत बसले नव्हते. रोज समुद्र बघणाऱ्या माणसाला समुद्रावर जायचं सुचत नाही. काकूंची तयारी बघण्यासारखी होती. कोकमं घेतली, मेतकूट घेतलं, स्टीलच्या पेल्यात तुळशीचं रोप घेतलं. निघताना गडग्याशी येऊन मला म्हणाल्या, “विनू, परत येताना बोट आपल्यावरनं जात्ये म्हणे, तिन्हीसांजेच्या सुमाराला. त्या दिवशी ओटीवरचा मोठा दिवा लावशील ना रे? मी डेकवरनं बघणार हो.”

“काकू, एवढ्या लांबून ओटीवरचा दिवा कसा दिसेल?”

“मला दिसेल,” काकू म्हणाल्या आणि पिशव्या मोजायला गेल्या.

त्या सफरीच्या आठवणी मास्तरांच्या तोंडून ऐकणं हा आमच्या आळीतला मोठा करमणुकीचा कार्यक्रम आहे. बोटीवर पहिल्याच दिवशी सगळ्यांना तरंगायची जाकिटं घालून उभं केलं आणि नावं पुकारली. मास्तरांचं नाव दोनदा पुकारलं, दोनदा शांतता. तिसऱ्यांदा पुकारण्याची पद्धत त्या लोकांत नसावी. त्यांनी माणूस हरवला असं धरलं आणि चार जण शिट्ट्या वाजवत जिने उतरले. मास्तर रांगेत पहिल्याच जागी उभे होते. “मी त्यांना इंग्लिशमध्ये म्हटलं, अजून एकदा बोलवा, मी आहे.” शेवटी काकूंनी “अहोअहोअहो” केलं, मास्तरांनी “ओ” दिली आणि अडीच हजार माणसांची बोट सुटली.

मग टॉवेलचा हत्ती. खोली आवरणाऱ्या पोराने पलंगावर टॉवेलची घडी घालून हत्ती करून ठेवला होता. काकूंनी दारातच हात जोडले. पर्समधून कुंकू काढून त्याच्या कपाळी लावलं आणि चिमूटभर मेतकुटाचा नैवेद्य दाखवला. मोडायची तर बातच नाही. दुसऱ्या दिवशी पोराने नवा हत्ती केला. तिसऱ्या दिवशी अजून एक. “चौथ्या दिवशी आमच्या खोलीत चार गणपती आणि अंग पुसायला माझा एक पंचा!” मास्तर हे सांगताना इतके हसतात की डोळ्यांतून पाणी येतं. जेवणाचं तर विचारूच नका. एवढी पक्वान्नं मांडलेली आणि काकू सगळ्यातून फिरून येऊन दहीभात मेतकूट खायच्या. एका गोऱ्या बाईला त्यांनी मेतकूट चाखवलं, तर ती रोज वाटी घेऊन यायला लागली.

रत्नागिरी केव्हा येणार, हे मास्तरांनी बोटीवरच्या एका अधिकाऱ्याला विचारलं. त्याला रत्नागिरी माहीत नव्हतं. “हापूस माहीत आहे? झालं तर. तेच!” मास्तर म्हणाले. त्याने नकाशा काढून वेळ सांगितली. मास्तर हे सगळं हातवारे करून सांगतात, गोऱ्या बाईचा आवाज काढून दाखवतात, आणि त्या संध्याकाळपर्यंत आले की खुर्चीतून उठतात. “पुढे काय, मग परत आलो,” म्हणतात आणि आत जातात.

पुढचं आम्हाला माहीत आहे. त्या तिन्हीसांजेला मी मास्तरांच्या ओटीवरचा दिवा लावला. लांब, पाण्याच्या कडेला, ती बोट दिसली. लग्नघराला रोषणाई करतात तशी. मी आणि मंदा गडग्याशी उभं राहून वेड्यासारखे हात हलवत होतो. मंदा तर “काकू, दिसतोय का?” असं ओरडलीसुद्धा. आम्ही हात हलवत होतो त्याच सुमाराला काकू डेकवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या होत्या. सुनंदाचा फोन दुसऱ्या दिवशी आला.

तेव्हापासून मास्तरांचं एक नवीन सुरू झालं. दिवेलागण झाली की ओटीवरचा दिवा लावायचा, दोन खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडायच्या, एकीत आपण बसायचं, आणि कान देऊन ऐकत राहायचं. आपण जाऊन बोललो तर बोट ओठांवर ठेवतात. अंधार पूर्ण पडला की सुस्कारा टाकून म्हणतात, “दोन शिल्लक आहेत.”

पहिल्यांदा मला वाटलं, आढीतले आंबे म्हणतायत. मग वाटलं, रक्तदाबाच्या गोळ्या. मी आणूनही दिल्या. त्यांनी ठेवून घेतल्या आणि पुन्हा म्हणाले, “दोन शिल्लक आहेत.” मंदाने तर संध्याकाळी त्यांच्याकडे भाजीची वाटी घेऊन जायचं बंद केलं. “रिकाम्या खुर्चीकडे बघून सरकून बसतात हो ते,” ती म्हणाली. “कुणाला तरी जागा द्यावी तसे.”

वैशाखात सुनंदा त्यांना कायमचं न्यायला आली. पावसाळ्यात म्हातारा माणूस एकटा, उतारावरचं घर, तिचंही खरंच होतं. मास्तरांनी बॅग भरू दिली, गाडी दाराशी येऊ दिली, आणि ओटीच्या खांबाला धरून उभे राहिले. “मी येणार नाही.” पोर रडली, ओरडली, शेवटी आमच्याकडे येऊन बसली. म्हणून मी गेलो समजूत घालायला. नेहमीप्रमाणे तीन हाका मारल्या.

“मास्तर, हट्ट कसला आहे हा? इथे आहे कोण?”

ते खांब सोडून पायरीवर बसले. मग म्हणाले, “विनू, तू त्या दिवशी दिवा लावला होतास ना रे?”

“लावला होता. तुमची शपथ.”

“मग तिला दिसला असणार.” त्यांनी पंचाने तोंड पुसलं. “मी कठड्याशी उभा होतो. पाठमोरा. ती मागे खुर्चीत. तिन्हीसांज, खाली सगळं काळं पाणी. आणि मागून हाक आली. ‘अहो.’ एकच. अरे, उभ्या जन्मात ती एकदा ‘अहो’ म्हणाली नाही. मला वाटलं, ही तिची नव्हे. हे पाण्यावरचं कोणीतरी. मी मोजत उभा राहिलो. दुसरी येईना, तिसरी येईना. मी मनात म्हटलं, बघ, आई म्हणायची ते खरं. वाचलो. आणि वळलो.”

समोरच्या आंब्यात पाखरांची कलकल चालली होती.

“तिला एकदाच जमलं रे,” मास्तर म्हणाले. “दम संपला होता तिचा. पण ती अर्धवट टाकणारी बाई नाही. दोन शिल्लक आहेत. येतील. आणि मी पुण्यात जाऊन बसू? ती इथे येऊन हाकारेल, आणि मी नाही? पुन्हा?”

सुनंदाला मी एवढंच सांगितलं की थोडे दिवस राहू दे त्यांना. ती रिकामी गाडी घेऊन परत गेली. त्या रात्री मंदाला सगळं सांगितलं, तर ती बराच वेळ रडत होती आणि सकाळी स्वतः चहा घेऊन मास्तरांकडे गेली.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दिवसभर अंगाची काहिली झाली होती आणि संध्याकाळी ऐन दिवेलागणीला लाईट गेली. आम्ही दोघं अंगणात येऊन बसलो. पान हलत नव्हतं. आमचा कुत्रा एरवी या वेळी साऱ्या आळीवर भुंकत असतो. तो गडग्यावर पुढचे पाय टेकून, समुद्राकडे बघत, शेपटी हलवत होता. ओळखीचं माणूस आलं की हलवतो तशी. मंदाने माझा हात धरला.

आणि मास्तरांच्या ओटीवरून खणखणीत आवाज आला, “ओ!”

आम्ही हाक मारली नव्हती. रस्त्यावर कोणी नव्हतं. हाक आम्हाला ऐकूच आली नव्हती. मी गडगा ओलांडून धावलो, मंदा फाटकातून. मनात पूर्णगडचा तो जेवता जेवता उठून गेलेला मामा. मास्तर पायरीवर उभे होते, अनवाणी, अंधारात.

“मास्तर! मास्तर!”

“अरे ओ, ओ. ओरडतोस कशाला?” दुसऱ्या हाकेला उत्तर! मला तर त्यानेच कापरं भरलं.

“तिसरी आली?”

“नाही रे. दुसरीच. या खेपेला मोजत बसलो नाही.” त्यांचा आवाज हसू आवरल्यासारखा येत होता. “म्हटलं, न्यायचं तर ने. पण ओ देणार.”

“मग?” मंदाने विचारलं.

“मग काय! दिवा लावलात का, विचारत होती.” मास्तर वरच्या काळ्या बल्बकडे बघून म्हणाले. “लाईट गेल्येत म्हटलं.”

मंदा आमच्या घरी गेली आणि कंदील पेटवून घेऊन आली. तो तिने ओटीच्या खुंटीला अडकवला. मास्तर खुर्चीत टेकले आणि बसल्या जागी लहान मुलासारखे झोपून गेले.

सकाळी त्यांनीच सुनंदाला फोन केला, की येऊन ने. मला नवल वाटलं. “ओ दिली ना आता,” ते म्हणाले. “आता ती शोधत बसणार नाही. पोरीकडे आहे, समजेल.” निघताना किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, “दिवा तेवढा...”

“लावतो मास्तर. तुम्ही काळजी करू नका.”

पुण्यात ते मजेत आहेत. सुनंदा सांगते, पहिल्या हाकेला ओ देतात. कधी कधी तर हाक मारायच्या आधीच.

मी रोज दिवा लावतो. परवा श्रावणातली उघडीप होती, समुद्राची गाज इथवर येत होती. मंदा माहेरी अलोऱ्याला गेली आहे, त्यामुळे मी आणि कुत्रा एवढेच. मास्तरांच्या ओटीवर जाऊन बटण दाबलं, रिकाम्या दोन खुर्च्या पुसल्या आणि पायरी उतरायला वळलो. तेव्हा पाठीमागून, समुद्राच्या बाजूने, अगदी हळू आवाज आला.

“अहो.”

एकच. माझ्यासाठी ती पहिली होती. मास्तरांच्या हिशेबाने शेवटची. मी पायरीवरच थांबलो. धीर धर, मोज, असं कोणीतरी आतून सांगत होतं. बहुधा मास्तरांच्या वर्गातला, तिसऱ्या हाकेला हजेरी देणारा तो पोरगा. मग मला त्या माउलीचं वाईट वाटलं. एवढ्या लांबून आलेली.

“ओ काकू,” मी म्हटलं. “दिवा लावलाय हो. मास्तर पुण्याला आहेत, सुनंदाकडे. बरे आहेत. चतुर्थीला येतायत.”