गूळ आणि सर्टिपिकेट

कारंजा गावात आमच्या गल्लीतले युनूसभाई पेंटर भेटले, की सलाम-नमस्काराआधी विचारतात, "सर्टिपिकेट हाये काय?" न्हाव्याचा वस्तरा स्वतःच्या गळ्याशी टेकलेला असतानाही त्यांनी त्याला हे विचारलं. एकदा घोड्यावर बसलेल्या नवरदेवालाही सोडलं नाही. त्यांचं स्वतःचं प्रमाणपत्र लॅमिनेट होऊन गळ्यात असतं. पेंटर लोकांच्या तीन दिवसांच्या सुरक्षा प्रशिक्षणात ते मिळालं आणि तेव्हापासून युनूसभाईंना एकच ध्यास लागला. प्रशिक्षण घेतल्याशिवाय कुणी ब्रश धरायचा नाही, असा कायदा झाला पाहिजे.

त्यासाठीचे अर्ज लिहितो मी. मी निवृत्त विज्ञान शिक्षक. माझ्या अर्जात 'सविनय', 'उपरोक्त' आणि 'तद्वतच' यांची इतकी गर्दी असते, की मागणी काय आहे हे कळायला मलाच तो दुसऱ्यांदा वाचावा लागतो. एकाही अर्जाला उत्तर आलेलं नाही. यात सरकारची चूक कमीच असावी.

गेल्या दिवाळीआधी मला हुक्की आली, की खोली आपणच रंगवू. स्टुलावर चढून जुना रंग पॉलिश पेपरनं खसाखसा घासू लागलो. तोंडाला रुमाल, तोही नाकाखाली. धूळ उडू नये म्हणून खिडक्या बंद. बायको सरळ जाऊन युनूसभाईंना घेऊन आली.

"सर, सर्टिपिकेट?"

"अहो, मी एमेस्सी आहे!"

"एमेस्सी भिंतीले समजते काय? कायले जीव देऊन राह्यले? जुन्या रंगात शिसं राह्यते. उतरा खाली."

उतरलो. मग दोन तास माझा वर्ग भरला. खिडक्या उघडायच्या, भिंत ओली करून घासायची, मास्क नाकावर घ्यायचा, धुळीचे कपडे बदलल्याशिवाय नातीला उचलायचं नाही. शेवटी तोंडी परीक्षा झाली. मी नापास.

ओशाळून मी आतून गुळाचा खडा आणला. धुळीत काम केलं, की गूळ खावा, घसा-छाती साफ होते, असं इकडे सगळेच मानतात. युनूसभाईंचा चेहरा उतरला.

"गूळ नोको सर. माह्या बायकोनं, जमिलानं, तीस वर्सं माह्यासंगं भिंती घासल्या. रोज संध्याकाळी तिले गूळ आणून द्याचो, चांगला पिवळा पाहून. वाटे, आपण तिची लय काळजी घेऊन राह्यलो. आता दोन पावलं चालली का दम लागते तिले. ट्रेनिंगमंदी डाक्टरीणबाई म्हने, गुळानं छातीतली धूळ निघत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फार वर्षांपूर्वी याच युनूसभाईंनी मला विचारलं होतं, "सर, गुळाचं खरं हाये काय?" आणि मी खुर्चीतून न उठता सांगितलं होतं, "अगदी शास्त्रीय आहे." त्यांना ते आठवत असणार. पण त्यांनी विषय काढला तो अर्जाचा.

"नवा अर्ज लिवा सर. भिंत घासनाऱ्या बाईलेबी पेंटर म्हना, तिलेबी ट्रेनिंग द्या, असं कायद्यात पाह्यजे. जमिलाचं नाव कोनी कुटीच लिवलं नाही."

मी कागद घेतला. 'सविनय' लिहिलं आणि खोडलं. मग पहिली ओळ लिहिली: 'जमिला युनूस, पेंटर, कारंजा.'

पुढचं सुचायच्या आत युनूसभाईंनी कागद उचलला.

"थांबा सर. हे आंदी तिले दाखवून आनतो."