धीर देण्याची नोकरी

"आपल्याला टेन्शन हा प्रकारच माहीत नाही," नव्या नोकरीच्या पहिल्या दिवशी निवांतराव बायकोला म्हणाले. म्हणताना ते डाव्या पायाचा बूट उजव्या पायात कोंबत होते.

निवांतराव हे नाव त्यांना मेहुण्याने ठेवलं होतं आणि ते काही कौतुकाने नव्हे. जुनी कंपनी बंद पडल्यापासून ते घरीच होते. मेहुणा दर रविवारी यायचा आणि "काय दाजी, उद्याही सुट्टीच का?" असं विचारून जायचा. ही नोकरी हातची गेली, तर त्या माणसाला तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

"फार घाबरायला झालं तर एकटेच कुठेतरी जा, डोळे मिटा आणि खोल श्वास घ्या," बायको म्हणाली.

"मला कशाला घाबरायला होईल? घाबरलेल्यांना धीर द्यायचा, हेच तर माझं काम."

ते मात्र खरं होतं. कंपनी लिफ्ट दुरुस्त करणारी. कुठल्याही इमारतीत कोणी लिफ्टमध्ये अडकलं आणि आतली घंटा दाबली, की फोन निवांतरावांच्या टेबलावर वाजणार. त्यांनी गोड बोलून त्या माणसाला शांत ठेवायचं आणि मिस्त्रीला धाडायचं.

सकाळी ऑफिस सांभाळणाऱ्या मॅडमनी सगळं समजावून सांगितलं. "घाबरलेला माणूस वाट्टेल ते बोलतो, मनावर घ्यायचं नाही. आणि पहिला प्रश्न कायम एकच. लाल बटण दाबलंय का? दाबलं असेल तर..."

पुढचं निवांतरावांच्या डोक्यात शिरलंच नाही. आपण मान बरोबर हलवतोय ना, याच काळजीत ते होते.

"कळलं?"

"हो हो, कळलं."

मॅडम गेल्या आणि निवांतराव फोनकडे बघत बसले. फोन वाजत नव्हता, पण कोणत्याही क्षणी वाजेल या विचाराने त्यांनी तीनदा रिसीव्हर उचलून पुन्हा जागेवर ठेवला. शेवटी बायकोचा सल्ला आठवून ते उठले. बाथरूममध्ये दोन इंजिनिअर गप्पा ठोकत उभे होते. जिन्यात कोणीतरी फोनवर भांडत होतं. रिकामी होती ती फक्त लिफ्ट.

आत शिरून त्यांनी डोळे मिटले. पण मजल्यामजल्याला कोणी ना कोणी आत यायचं आणि डोळे मिटलेल्या या गृहस्थांकडे टकामका बघायचं. लिफ्ट पुन्हा रिकामी झाली तशी निवांतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि लाल बटण दाबलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. काय ती शांतता! त्यांनी पोटभर श्वास घेतला, गालातल्या गालात हसून खाली जायचं बटण दाबलं.

लिफ्ट ढिम्म हलेना. त्यांनी सगळे मजले दाबून पाहिले. दारावर थापा मारल्या. मग घंटा दाबली आणि ते वाट बघत राहिले. पलीकडे फोन वाजतच राहिला. तो उचलायचा कोणी, हे त्या गडबडीत त्यांच्या डोक्यातून साफ निघून गेलं होतं.

"नमस्कार. घाबरू नका, मी तुमच्यासोबत आहे," अखेर आवाज आला. मॅडमचा!

निवांतरावांनी आवाज जाड केला. "मी एक ग्राहक बोलतोय. अडकलोय."

"लाल बटण दाबलंय का?"

"मी कशाला दाबू?" ते उसळून म्हणाले.

"बरं. मिस्त्रीला गच्चीवर पाठवते, मशीन बघायला."

"आणि इतका वेळ फोन का उचलत नव्हता? तिथे माणूस आहे की नाही?"

"आहे ना. आजच रुजू झालाय. जागेवर नाहीये."

"पहिल्याच दिवशी गायब? असला माणूस ठेवताच कशाला? काढून टाका त्याला!"

"अगदी बरोबर बोललात, साहेब. आजच काढते."

निवांतरावांनी घाईघाईने आवाज मऊ केला. "नाही म्हणजे... एवढं टोकाचं नको. बायकोमुलं असतील बिचाऱ्याला."

"छे, आमच्याकडे ग्राहकाचा शब्द शेवटचा."

वर ठोकाठोक झाली. मग दार फाकवलं गेलं आणि निवांतरावांच्या नाकासमोर सगळ्या ऑफिसचे बूट आणि मॅडमच्या चपला दिसल्या. मिस्त्रीने पालथं पडून हात आत घातला आणि दोन बोटांनी लाल बटण बाहेर ओढलं. लिफ्ट गुरगुरली आणि निमूटपणे वर आली.

"ग्राहक कुठे गेला?" मॅडमनी विचारलं.

"तो... उतरला वाटतं मधेच."

"पहिल्याच वाक्याला आवाज ओळखला मी तुमचा. काय करू आता? ग्राहकाला शब्द दिलाय."

"घाबरला होता तो, मॅडम," निवांतराव रडवेल्या आवाजात म्हणाले. "घाबरलेल्या माणसाचं बोलणं मनावर घ्यायचं नसतं."

मॅडमनी त्यांच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "म्हणजे सकाळचं एक तरी वाक्य डोक्यात शिरलं. जा, बसा जागेवर. आणि पुन्हा उठलात, तर ग्राहकाचं ऐकेन."

ते खुर्चीला चिकटून बसले. थोड्याच वेळात फोन वाजला.

"घाबरू नका, मी तुमच्यासोबत आहे. लाल बटण दाबलंय का?"

"मी कशाला दाबू?" पलीकडचा उसळला.

निवांतरावांनी फोनवर हात ठेवला आणि उभा जन्म लिफ्टमध्येच काढल्याच्या थाटात ते मिस्त्रीकडे वळले. "दाबलंय. काय खोटं बोलतात हो लोक!"