पास्कलकाकांची उलटी वही

आमच्या वरच्या मजल्यावरच्या पास्कलकाकांच्या स्वयंपाकघरात एखादी वस्तू हवी असेल, तर आधी ती नाम आहे की क्रियापद हे ठरवावं लागतं. डावी फळी नामांची: तांदूळ, मीठ, सुके बोंबील. उजवी क्रियापदांची: सुरी, किसणी, लाटणं, म्हणजे जे काहीतरी करतं ते. दोन्हीकडे क्रम इंग्रजी अक्षरांचा. एकदा मी गाळणी नामांत ठेवली, तर काका आठवडाभर माझ्याशी तुटक बोलत होते.

काका इथे दोह्यात, अबू हमूर भागात राहतात आणि एका इस्पितळात रेकॉर्ड सांभाळतात. तरुणपणी वसईहून पाद्री व्हायला गेले, दोन वर्षांत अर्धवट लॅटिन शिकून परत आले आणि लग्न केलं. लॅटिन मात्र सुटलं नाही. सुट्टीच्या दिवशी लोक मॉलमध्ये जातात, काका मध्ययुगातल्या इंग्रजी-लॅटिन कोशांच्या प्रिंट काढून वाचतात. त्यातल्या एका कोशाचा कर्ता, एक ख्रिस्ती साधू, त्यांचा खास लाडका. जवळपास सहा शतकांपूर्वी तो खोलीत कोंडून घेऊन शब्द जमवत बसला. प्रत्येक अक्षराखाली आधी नामं, मग क्रियापदं. आपल्याला फक्त आपल्या परगण्याची इंग्रजी येते, अशी त्यानं सुरुवातीलाच कबुली दिली आहे. "काय प्रामाणिक माणूस!" काका म्हणतात, जणू तो कालच जेवून गेला.

मी माझ्या साहेबाचं रडगाणं गायलो, तर काका म्हणाले, "नामं सोड रे, क्रियापद बघ. हा माणूस करतो काय?"

"काहीच नाही."

"मग डाव्या फळीवर."

दोन वर्षं काका स्वतःही एक कोश लिहीत होते. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे त्यांची वसईची बोली. आपला शब्द आधी नको का, असं मी विचारलं आणि फसलो.

"लॅटिन आधी असलेले कोश वाचणाऱ्यासाठी. साधूनं उलटं केलं, कारण त्याच्याकडे शिकणाऱ्या पोरांना लॅटिन स्वतः लिहायचं होतं. माझ्या कियाराला आपलं सगळं समजतं. समजून काय करू? मला तिचं बोलणं ऐकायचंय."

कियारा ही त्यांच्या मुलीची मुलगी, नऊ वर्षांची, जन्म दोह्यातला. काकांनी बोलीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा त्यांचा संसार.

मग काकांची नोकरी संपली. व्हिसा खलास, वसईला परतायला हातात एक महिना. क्रियापदं निम्मी बाकी. काकांनी चहाला येणं सोडलं. कियाराशी फोनवर बोलाल की रोज, असं मी म्हटलं.

"फोनवर ती हाय म्हणते आणि बाय म्हणते," काका म्हणाले.

शेवटच्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आल्यावर सगळे काकांकडे जेवायला बसलो. काकांनी वही कियारापुढे ठेवली. तिनं पानं उलटायला सुरुवात केली. भात निवला. "यल्ला, चल, जेव आधी," तिची आई म्हणाली. काकांनी हातानंच तिला थांबवलं. पोरगी एकेका शब्दावर बोट ठेवून पुटपुटत होती. शेवटी मान वर करून, अडखळत तिनं बोलीत विचारलं, "आजा, वसईला तुझ्यासंगं कोण जेवणार?"

काकू जाऊन चार वर्षं झाली. वसईच्या घराला तेव्हापासून कुलूप आहे. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं कोणीच नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

"परत बोल," काका म्हणाले.

ती बोलली.

"परत."

"आजा, यू हर्ड मी!"

"हो गं बाय, ऐकलं," काका म्हणाले. त्यांनी आपल्या ताटातला मासा तिच्या ताटात वाढला आणि कितीतरी वेळ, मान खाली घालून, त्यातले काटे काढत बसले.