प्रश्न सातवा, गुण पाच

"त्या डब्यात गणित टाइप करायचं ना? करतो! एकटा करतो! कुणाची मदत नको मला!"

अशी गर्जना कंसमामांनी भर स्टाफरूममध्ये केली आणि तिथेच सगळं चुकलं. गर्जना जरूर करावी हो माणसानं, पण डबा कुठून सुरू होतो ते तरी आधी बघावं की नाही?

कंसमामा म्हणजे शाळेतले गणिताचे सर. "आधी कंस सोडवा!" हे ते वर्गात इतक्यांदा ओरडत की मुलं त्यांना कंस सर म्हणू लागली. घरी त्यांची सख्खी भाची कॉलेजसाठी राहायला होती. ती अर्थातच त्यांना मामा म्हणायची. दोन्हींची बेरीज होऊन जे व्हायचं ते झालं, आणि पुढे शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. मामांना त्याचं काही वाटत नसे. त्यांना राग होता तो मुलं कंस न सोडवता पुढे पळतात याचा.

नववीच्या वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर काढायचा तो मामांनीच, असा शाळेत रिवाज होता. पेपर हातानं लिहायचे, आणि असा सुरेख की छापखानेवाले म्हणायचे, "सर, हा फ्रेम करून लावावा." यंदा मात्र मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं. हातानं लिहिलेला पेपर चालणार नाही. समीकरणं कॉम्प्युटरवर नीट मांडून द्यायची. जमत नसेल तर पेपर टिचक्या सर काढतील, यंदाही आणि यापुढेही.

टिचक्या सर म्हणजे नवे सर. तरुण होते आणि सदानकदा माऊसवर टिचक्या मारत बसलेले असायचे. त्यांच्या पेपरात एकच सूचना असे, "योग्य पर्याय निवडा." मामांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "चार पर्याय समोर ठेवून गणित विचारता? मग गणितात आणि हॉटेलच्या मेन्यूकार्डात फरक काय राहिला?" मामांचा पेपर गेला असता तर मामांचं गणितच गेलं असतं. म्हणून ती गर्जना.

शनिवारी मामा घरच्या कॉम्प्युटरसमोर बाह्या सरसावून बसले. समीकरणं लिहायचं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर चिन्हांचा बाजारच भरला होता. मामांनी वर्गमुळाचं चिन्ह दाबलं. चिन्ह आलं. त्यात त्यांनी दोन लिहिले. पुढे अधिक लिहिलं, तेही वर्गमुळाच्या आत गेलं. पुढचा प्रश्न लिहिला, तोही आत. वर्गमुळाचं छप्पर वाढत वाढत पानाच्या दुसऱ्या टोकाला पोचलं आणि अख्खा पेपर त्याखाली जाऊन बसला!

"बाहेर ये!" मामा पडद्यावर खेकसले.

मग घात लिहायला घेतला. क्षच्या डोक्यावर इवलासा दोन ठेवला आणि पुढे टाइप करत गेले. बघतात तर 'सर्व प्रश्न सोडवणे आवश्यक आहे' ही सूचनाही मुंगीएवढी होऊन क्षच्या डोक्यावर चढून बसलेली! एकदा घातात शिरलेलं वाक्य काही केल्या खाली उतरेना.

"मामा, मी करून देऊ?" भाचीनं दारातून विचारलं.

"अजिबात नको! शब्द दिलाय मी."

"बरं, मग बोलून लिहायचं सॉफ्टवेअर टाकून देते. तुम्ही नुसतं बोलायचं, ते समीकरण मांडतं. त्याला मदत म्हणायचं नाही, कारण मी घरातलीच आहे."

हे मामांना पटलं. "घरातलं मदतीत धरत नाहीत. टाक."

भाचीनं सॉफ्टवेअर टाकलं आणि समजावलं, "हे बघा. 'नवा प्रश्न' म्हणालात की टुंग वाजतं आणि ते लिहायला लागतं. शेवटी किती गुण ते सांगितलंत की कंसात गुण टाकून गप्प बसतं. मध्ये जे बोलाल ते सगळं लिहितं हं!"

"मी वायफळ बोलतच नाही," मामा म्हणाले.

पहिल्या फटक्याला 'क्ष वर्ग अधिक पाच' म्हटलं तर पडद्यावर आलं 'शिक्षकवर्ग अधिक पाच'. मामांनी आवाज चढवला. सॉफ्टवेअर घाबरलं असावं, कारण त्यानंतर ते सुतासारखं सरळ चाललं. अपूर्णांक एकावर एक नीट बसले, वर्गमुळाची छपरं हवी तिथे थांबली. रविवारी दुपारपर्यंत सहा प्रश्न झाले, ऐंशी गुण पुरे भरले. मामा खुर्चीत मागे रेलले आणि स्वतःवर बेहद्द खूश झाले. माइक बंद करायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं तर सांगितलं होतं, पण मामांनी ते मदतीत धरलं होतं.

इतक्यात हातात मोजायची टेप घेऊन मामी आत आल्या.

मामी दातांच्या डॉक्टर. समोरच्याचं तोंड उघडं आणि त्यात चिमटा, अशा स्थितीत वाद घालायची त्यांना सवय. त्यामुळे त्या वाद कधी हरत नसत. झोपायच्या खोलीसाठी सुताराकडे कपाट करायला टाकलं होतं. त्याची उंची मामांनी स्वतः ठरवून दिली होती.

"अहो, ते कपाट खोलीत उभं राहायचं नाही!"

"हा काय आता नवा प्रश्न काढलास?" मामा वैतागून म्हणाले.

टुंग!

"कपाटाची उंची दोनशे चाळीस सेंटीमीटर," मामी म्हणाल्या.

"आणि खोलीची दोनशे पंचेचाळीस! पाच सेंटीमीटर जागा उरते!"

"जाडी सत्तर आहे त्याची. दारं बुटकी, म्हणजे आत आणणार आडवं. आडवं आणून उभं करताना छताला लागणार."

"मुळीच लागणार नाही!"

"लागणार. जरा डोकं चालवा."

"सिद्ध करून दाखव!"

"डोळ्यांना दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं? पाच गुण असतील तुमच्यात, पण दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा एकही नाही!"

टुंग!

दोन्ही वेळच्या टुंगकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भांडणाच्या भरात टुंग कुणाला ऐकू येतं? "सुतार मंगळवारी कपाट आणणार आणि ते उभं राहणार!" असं ठणकावून मामा परत कॉम्प्युटरकडे वळले.

"मामा, पाठवायच्या आधी एकदा वाचून घेऊ?" भाची म्हणाली.

"परीक्षेचा पेपर परीक्षेआधी परक्यानं बघायचा नसतो!"

"मी परकी?"

"पेपरापुरती!"

"मग तुम्ही तरी वाचा!"

"माझ्या पेपरात आजवर काना-मात्रेची चूक निघालेली नाही," असं म्हणून मामांनी पहिलं पान कौतुकानं न्याहाळलं आणि पेपर थेट छापखान्याला पाठवून दिला. स्वतःच्या बोटानं, एकट्यानं! त्यांना कोण अभिमान वाटला म्हणता!

मंगळवारी परीक्षा. वर्गात मामाच पहारा देत होते. पेपर वाटून झाले, आणि थोड्याच वेळात पहिल्या बाकावरची चुणचुणीत मुलगी उभी राहिली.

"सर, प्रश्न सातवा..."

"सातवा प्रश्नच नाहीये. बस खाली."

"आहे सर. त्यात 'जरा डोकं चालवा' असं लिहिलंय. ती सूचना आहे की गणित?"

मामांनी पेपर हिसकावून घेतला. शेवटच्या पानावर, सुबक ठळक अक्षरांत, छापलं होतं:

"प्रश्न ७. कपाटाची उंची २४० सेमी. आणि खोलीची २४५. ५ सेमी जागा उरते. जाडी ७० आहे त्याची. दारं बुटकी, म्हणजे आत आणणार आडवं. आडवं आणून उभं करताना छताला लागणार. मुळीच लागणार नाही. लागणार. जरा डोकं चालवा. सिद्ध करून दाखव. डोळ्यांना दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं? (गुण ५)"

मामांच्या पायाखालची जमीन सरकली. पण चेहऱ्यावरची रेष हलेल तर ते मामा कसले! "ते गणित आहे," ते गरजले. "सोडवा!"

पेपर सुटायच्या आत बातमी मोठ्या बाईंपर्यंत गेली. तो सुटताच बाईंनी मामांना बोलावलं. टिचक्या सर आधीच तिथे हजर होते, आणि हसू दाबून दाबून त्यांचे कान लाल झाले होते.

"सर, हे काय आहे?" बाईंनी पेपर टेबलावर आपटला. "गणित आहे की कुणाच्या घरातलं भांडण?"

आता इथे 'चुकलं' म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. पण मामांच्या तोंडात तो शब्द आजवर कधी आलाच नव्हता, तो आयत्या वेळी कुठून येणार?

"उपयोजनाचा प्रश्न आहे!" मामा छाती काढून म्हणाले. "मुद्दाम घातलाय! गणित माणसांच्या बोलण्यात असतं, हे मुलांना कधी कळणार?"

"आणि ऐंशीचा पेपर पंचाऐंशीचा कसा झाला?"

"जास्तीचे पाच गुण! हुशारांसाठी!"

"पण सर," टिचक्या सरांनी हळूच तोंड घातलं, "बरोबर उत्तर कुठलं? 'लागणार' की 'मुळीच लागणार नाही'? पर्याय तर दोनच दिसतायत."

हा घाव वर्मी बसला. पर्याय! मामांच्या पेपरात पर्याय!

मोठ्या बाई म्हणाल्या, "या प्रश्नाचं आदर्श उत्तर आज दुपारी माझ्या टेबलावर हवं. उत्तर पटलं तर प्रश्न राहील, आणि पेपरही तुमच्याकडेच राहील. नाही पटलं तर पुढच्या वर्षीपासून टिचक्या सर."

"दुपार कशाला? आत्ता देतो!" म्हणत मामा तरातरा स्टाफरूममध्ये गेले. त्यात काय अवघड? दोनशे चाळीस हे दोनशे पंचेचाळीसपेक्षा कमी. म्हणून कपाट मुळीच लागणार नाही. संपलं! त्यांनी कागद ओढला आणि सवयीनं आधी आकृती काढली. कपाट काढलं. ते तिरकं केलं. तिरकं कपाट उभं होता होता त्याचा एक कोपरा वर वर जाऊ लागला. मामांनी खालच्या कोपऱ्यापासून वरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली. तो होता कर्ण.

आणि मामांना दरदरून घाम फुटला. एक बाजू सत्तर. दुसरी दोनशे चाळीस. सात, चोवीस, पंचवीस! पायथागोरसचं त्रिकूट! मुलांकडून घोकून घोकून घेतलेलं, झोपेतून उठवलं तरी सांगतील असं! कर्ण दोनशे पन्नास. छत दोनशे पंचेचाळीस. कपाट लागणार. मामींचं बरोबर!

मामांनी कर्ण पुन्हा मोजला. मग कागद उलटा धरून मोजला. कर्णाला काही दयामाया नव्हती. पेपर राखायचा तर बायकोचं बरोबर होतं हे स्वतःच्या हातानं, सहीनिशी लिहून द्यायला हवं होतं. नाहीतर मेन्यूकार्ड! मामा बराच वेळ दातओठ खात बसले. मग त्यांनी उत्तर लिहिलं. आकृतीसह, कारणांसह, सुरेख अक्षरात. शेवटी लिहिलं, 'म्हणून कपाट छताला लागेल. हेच सिद्ध करायचे होते.' हे वाक्य लिहिताना त्यांचं पेन कागदात रुतलं.

बाईंनी उत्तर वाचलं आणि मान डोलावली. "प्रश्न फार छान आहे, सर! भाषा सोडली तर. पेपर तुमच्याकडेच राहू द्या." टिचक्या सरांचा चेहरा उतरला. मामा जिंकले. जिंकलेल्या माणसासारखं चालत ते घरी निघाले, पण पाय काही लवकर उचलत नव्हते.

घरी झोपायच्या खोलीत कपाट पाठीवर आडवं पडलं होतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सुतार आणि त्याची माणसं दमून निघून गेली होती. छताच्या रंगाला एक लांबलचक ओरखडा उठला होता. आणि दारात मामी उभ्या होत्या. हातात प्रश्नपत्रिका!

"दाढ दुखते म्हणून तुमच्या वर्गातला एक मुलगा परीक्षा संपल्यावर दवाखान्यात आला होता," मामी गोड आवाजात म्हणाल्या. "प्रश्न सातवा त्यानं सोडवलाय म्हणे. मला जरा बरोबर उत्तर सांगा ना, सर."

मामांनी खाकरून घसा साफ केला. मोठ्या बाईंसमोर झुकले नव्हते, इथे झुकणार?

"उत्तर तुझं बरोबर आहे," ते ताठ्यात म्हणाले. "पण पायऱ्या कुठे आहेत? नुसतं 'लागणार, लागणार' म्हणालीस. आकृती नाही, कर्ण नाही, कारण नाही! पाचपैकी एक गुण. तोही दया म्हणून!"

मामींनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग कपाटाकडे पाहिलं. "पायऱ्या हव्यात होय? ही घ्या, एकच आहे पण चांगली उंच आहे. पलंग तिकडे आहे, तुमचे घरातले कपडेही तिकडेच आहेत. चढा!"

मामा चढले. माघार घेणं त्यांना शिकवलंच नव्हतं कुणी. कपाटावर उभं राहून त्यांनी मान ताठ केली, छाती पुढे काढली, आणि खाडकन टाळकं छतावर आपटलं. कपाटाची जाडी सत्तर, मामांची उंची एकशे ऐंशी. बेरीज होती साधी, पण करायची राहून गेली.

"लागलं का हो?" खालून मामींनी विचारलं.

"मुळीच नाही!" दोन्ही हातांनी डोकं धरून मामा म्हणाले.